घेतली म्हण

२९ सप्टेंबर, सोमवार

आज बाळाला घरी आणलं. आमची मिरवणूक अगदी थाटात निघाली होती, पण सिल्व्हर पार्कच्या वळणावर स्पीडब्रेकर आला आणि गाडीची डिकी आ वासून उघडली. माझी हॉस्पिटलची पिशवी आणि थर्मास रस्त्यावर. मागचा रिक्षावाला हसून हसून बेजार. या डिकीचं कुलूप गणपतीपासून धरत नाही, नुसतं टेकतं. कधीही विचारा, आमच्या नवरोबांचं, जितेशचं उत्तर ठरलेलं, "दिवाळीत करू." शेवटी सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी माझी बांधणीची ओढणी मागून घेतली आणि आतल्या कडीतून ओवून अशी गाठ मारली की घरी आल्यावर ती सोडवायला त्यांनाच बोलवावं लागलं. उभं तारुण्य लष्करात घालवलेल्या माणसाची गाठ ती. ओढणी मात्र कामातून गेली.

बाळ झोपलंय. मी तिच्याकडे बघत बसते आणि काही कामच सुचत नाही. नखं आहेत तिला! कुणी कापून, घासून दिल्यासारखी दहाच्या दहा. हे सगळं माझ्या पोटात अंधारात कुणी केलं? नर्सरीत मी पोरांना हात काढायला शिकवते, तर निम्मी पोरं चारच बोटं काढतात.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून माहेरी जायचं राहिलं. बाळाला न्हाऊ घालायला समोरच्या इंदूबाई येणार आहेत. त्या मूळच्या परभणीच्या. त्यांच्या हातात बाळ असं निवांत पडून राहतं की मला हेवा वाटतो.

संध्याकाळी एक गंमत झाली. बाबा ड्युटीवरून आले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. माझे सासरे मीरा रोडला एका सराफी पेढीच्या दारावर बंदूक घेऊन उभे असतात. बंदूक त्यांची स्वतःची, परवाना त्यांच्या नावावर. तिला ते बंदूक म्हणत नाहीत, दुनळी म्हणतात. रोज घरी आणून पुसतात, तेलपाणी करतात आणि देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात कुलपात ठेवतात. ठेवताना हात जोडतात.

"सोयर आहे," बाबा म्हणाले. "ती फिटेपर्यंत दुनळी घरात नको."

जितेश हसला. "बाबा, सोयर तुम्हालापण आहे ना? तुम्ही तर दिवसभर तिला खांद्यावर घेऊन फिरताय."

"ते पोटासाठी. देवाशेजारी नेणं वेगळं."

गलका ऐकून इंदूबाई दारात आल्या. म्हणाल्या, "आमच्यात ठिवा की. आमी काय सोयर-सुतक पाळत न्हाई. कपाट हाय, कुलूप हाय."

"नको नको, तुम्हाला कशाला उगाच त्रास," बाबा म्हणाले आणि जिना उतरले. केवढा संकोची माणूस! मग खिडकीतून बघितलं तर दुनळी घोंगडीत गुंडाळून डिकीत ठेवत होते. वरून माझीच ओढणी. गाठ मारून त्यांनी वर बघितलं आणि ठीक आहे ना, अशी मान हलवली. मीही हलवली. गोळ्यांचा पट्टा मात्र वर आणून कपाटात ठेवला. गोळ्यांना सोयर लागत नाही का, असं अगदी तोंडावर आलं होतं, पण बाळंतिणीने किती बोलावं यालाही मर्यादा आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. आम्हाला यंदा पूजा चालत नाही, पण दुनळीची पूजा चुकवायला बाबा तयार नाहीत. मग त्यांनी भावकीबाहेरचा माणूस शोधला, आमचा वॉचमन पंढरीनाथ. खाली गाडीच्या बॉनेटवर घोंगडी पसरली, तिच्यावर दुनळी, पुढे झेंडूची फुलं. मी खिडकीत बाळाला घेऊन बसले होते.

दुनळी हातात देण्याची बाबांची एक रीत आहे. आधी बिजागरीतून मोडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे समोरच्याला दाखवतात. मग पुढे करतात, पण सोडत नाहीत. समोरच्याने मोठ्याने "घेतली" म्हणायचं. म्हटलं की मगच बोटं सुटतात. पंढरीनाथ लाजत होता, पुटपुटला काहीतरी.

"ऐकू नाही आलं."

"घेतली, घेतली!"

खाली ही गर्दी! बिल्डिंगमधली पोरं, इस्त्रीवाला, पाण्याचे जार टाकणारा, दोन कुरियरवाले. सगळे गप्प. हळदकुंकू लावलेली ती काळी नळी उन्हात चकाकत होती आणि मलाही अंगावर काटा आला. इतकी माणसं एका वस्तूपुढे अशी मुकाट उभी राहिलेली मी फक्त देवळातच बघितली होती. बाबांची छाती फुगली होती. कुणीतरी विचारलं, "चाचा, रात को भी गाडी में रहती है क्या?" बाबा ऐटीत म्हणाले, "दस दिन. घर में बच्ची हुई है ना." सगळ्यांनी अभिनंदन केलं.

पूजा झाल्यावर ते वर आले आणि दारातूनच बाळाकडे बघत राहिले. अजून एकदाही घेतलेलं नाही तिला. "सोयर फिटू दे, मग घेईन गो," म्हणतात.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दुनळी गेली.

काल दसरा. पेढीवर गर्दी म्हणून बाबा उशिरा सुटले. आवारात पाहुण्यांच्या गाड्या होत्या, त्यामुळे जितेशने आमची गाडी फाटकाबाहेर गल्लीत लावली होती. बाबांनी तिथेच डिकीत दुनळी ठेवली. सकाळी युनिफॉर्म घालून खाली गेले आणि लगेच परत आले. दारात उभे. हातात माझी ओढणी, मधोमध कापलेली.

"दुनळी नाही," म्हणाले. पुन्हा एकदा तेच म्हणाले, जसं काही पहिल्यांदा त्यांना स्वतःलाच ऐकू गेलं नव्हतं.

मला आधी कळलंच नाही यात एवढं काय. चोरी झाली, वाईट झालं, पोलिसात सांगायचं. मग बाबांचा चेहरा बघितला. वस्तू गेलेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो. आपल्या हातून कुणी मेलं असावं तसा होता.

जितेश म्हणाला, "बाबा, पाच मिनिटं थांबा. मी गाडी बघून येतो." बघते तर काय, हा खाली स्क्रू-ड्रायव्हर घेऊन डिकीच्या कुलपाशी झटतोय. कमाल आहे! गणपतीपासून वेळ मिळाला नाही आणि आज मुहूर्त सापडला. नवरे कधी काय करतील याचा नेम नाही. वर आला तेव्हा अंगठ्यातून रक्त येत होतं. बाबांना बाजूला घेऊन हळू आवाजात काहीतरी सांगत होता. बाळ रडत होतं म्हणून मला ऐकू आलं नाही. बाबा नुसते त्याच्या अंगठ्याकडे बघत होते.

मग दोघे पोलीस स्टेशनला गेले.

४ ऑक्टोबर, शनिवार

जितेशने आज सगळं सांगितलं. सांगताना रडला. लग्नानंतर पहिल्यांदा.

काल तो कुलूप दुरुस्त करत नव्हता, तोडत होता. मी मूर्खासारखी वरून बघत होते. पोलिसांना दाखवायला की कुलूप चांगलं होतं, चोराने फोडलं. "मोडक्या डिकीत ठेवली म्हटलं तर बाबांवर येईल, दिव्या. निष्काळजीपणा म्हणतात त्याला. परवाना जाईल, नोकरी जाईल, केस होईल. एवढं एकच खोटं बोलायचं होतं."

पंचनाम्याला साहेब खाली आले. कुलपावरचे ओरखडे बघून म्हणाले, "हे फोडलेलं दिसतंय." जितेशला वाटलं, जमलं. आणि बाबा म्हणाले, "नाही साहेब. कुलूप आधीपासून धरत नव्हतं. ओढणीने बांधलं होतं. गाठ मी मारली होती."

"मग हे ओरखडे कसले?"

"दुनळीचा मालक मी. तिला कुठे ठेवायचं हे मी ठरवलं. मोडकी आहे हे ठाऊक असून ठेवली. हे लिहा. ओरखड्यांचं मला विचारू नका."

साहेबांनी म्हणे आधी बाबांकडे बघितलं, मग जितेशच्या अंगठ्यावरच्या पट्टीकडे. आणि बाबा म्हणाले तेच लिहून घेतलं.

एवढा सोपा रस्ता समोर होता. पोटच्या पोराने रक्त काढून केलेला. आणि हा माणूस शांतपणे दुसरीकडून गेला, तेही पोराला मागे झाकून. अशा माणसाच्या घरात मी दोन वर्षं राहतेय आणि त्यांच्या चहातल्या साखरेवरून कटकट करतेय.

जितेशला म्हटलं, गाठ बाबांची, पण ओढणी माझी, कुलूप तुझं. मीही वरून मान हलवली होती. तो म्हणाला, "बाबा तसं मानत नाहीत ना."

संध्याकाळी बाळाला घेऊन खिडकीत बसले. रोज बघते तेच. बिल्डिंगी, त्यांच्यामागे बिल्डिंगी, त्यांच्यामागे आणखी. प्रत्येक खिडकीत दिवा. यातल्या कुठल्या खिडकीमागे ती आहे? कुणाच्या पलंगाखाली, कुणाच्या हातात? शहर एवढं अफाट आहे हे मला आजवर जाणवलंच नव्हतं. या एवढ्या माणसांपैकी कुणाचंही काही झालं तर ते आमच्या घरातून निघालेलं असणार. बाळाला घट्ट धरलं तर ती रडायलाच लागली.

६ ऑक्टोबर, सोमवार

इंदूबाई बाळाला न्हाऊ घालायला आल्या आणि तांब्या हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पोरी, सापडली बंदूक. पर वाईट झालं."

पूनम सागर भागात एक हंसाबेन म्हणून आहेत, त्यांचं फरसाणचं दुकान आहे. एकट्याच चालवतात. काल संध्याकाळी एकजण घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आत शिरला, घोंगडी खाली टाकली आणि दुनळी त्यांच्या छातीवर रोखली. गल्ला मागितला. हंसाबेन मागे सरकल्या त्या तेलाच्या डब्यावर पडल्या. मनगट मोडलं. डब्यांच्या आवाजाने लोक धावले आणि नाक्यावर त्याला पकडलं. पाण्याचे जार टाकणारा तो. खंडेनवमीला खाली उभा होता तोच. दस्त्यावर आपलं हळदकुंकू तसंच होतं म्हणे.

बाबा आतल्या खोलीतून आले. "गोळी नव्हती तिच्यात," म्हणाले. "पट्टा माझ्या कपाटात आहे."

इंदूबाई बाळाच्या पाठीवर पाणी घालत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "भाऊ, आमच्या कपाटात ठिवली असती तर हे झालंच नसतं. पर आमच्या घरात तुमचा देव कसा ठिवणार तुमी." आणि हसल्या. "पोरगी चालती आमच्या हातात. बंदूक न्हाई चालत."

मी पाटावर बसल्या जागी गोठले. मी याच वहीत लिहिलं होतं, केवढा संकोची माणूस. बाबांचा चेहरा उतरला. इंदूबाईंनी बाळाला टॉवेलात गुंडाळलं, कपाळाचा मुका घेतला आणि माझ्या मांडीवर दिलं. हात तितकेच हलके.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सोयर फिटली. घर धुतलं, गोमूत्र शिंपडलं. मी बाळाला पुढे केलं, "घ्या बाबा." ते मागे सरले. "नको. माझ्या हातात काही देण्याआधी विचार करत जा गो."

पेढीवाल्यांनी कामावरून कमी केलं. दुनळी पोलिसांच्या ताब्यात आहे. परवाना रद्द का करू नये म्हणून नोटीस येणार आणि बाबांवरही गुन्हा नोंदवलाय. जितेश वकील शोधतोय. बाबा म्हणाले, "परवान्यासाठी भांडायचं नाही. तो मीच परत करणार."

दुपारी ते हंसाबेनकडे गेले. जितेश सोबत होता, त्यानेच सांगितलं. हाताला प्लास्टर घालून त्या दुकानातच स्टुलावर बसल्या होत्या. बाबांनी नाव सांगितलं, बंदूक माझी म्हणाले, हात जोडले. आणि मग म्हणाले, "बेन, उसमें गोली नहीं थी."

हंसाबेन ओरडल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. म्हणाल्या, "मने शुं खबर, भाई? मेरे लिए तो भरी हुई थी."

मला ते वाक्य तेव्हापासून ऐकू येतंय. रिकामी होती हे फक्त बाबांना ठाऊक होतं. बाकी सगळ्या जगासाठी ती भरलेलीच. मी इतके दिवस याच एका गोष्टीवर जीव तगवून होते, की गोळी नव्हती, गोळी नव्हती. त्या बाईने एका वाक्यात तो आधार काढून घेतला आणि ते खरंच होतं.

८ ऑक्टोबर, बुधवार

बारसं. नाव ठेवलं रसिका. पाळण्याची दोरी आधी इंदूबाईंच्या हातात दिली. ही बाबांची इच्छा. सकाळी ते त्यांच्या दारात गेले होते. मी दरवाजा उघडा ठेवून कान लावला, लाज सोडून.

"त्या दिवशी त्रासाचं नुसतं निमित्त होतं," बाबा म्हणाले. "मनात दुसरं होतं. तुम्ही ओळखलंत."

"लई जुनी ओळख हाय आमची त्याची," इंदूबाई म्हणाल्या. "या, चहा घ्या."

बाबा आत गेले. चहा पिऊन आले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. मध्ये लिहायला जमलंच नाही, रसिका दिवसाचं झोपते आणि इतर वेळी गाते.

बाबांचं नवीन सुरू झालंय. सकाळी आंघोळ करून पूनम सागरला जातात. हंसाबेनला एका हाताने शटर उचलता येत नाही, तेलाचा डबा हलवता येत नाही. बाबा शटर उचलतात, डबे लावतात आणि दुकानाच्या दाराशी उभे राहतात. पेढीवर उभे राहायचे तसेच, ताठ. फक्त खांदा रिकामा. हंसाबेनने पहिल्या दिवशी सांगितलं, मला तुमची दया नको. बाबा म्हणाले, "दया नाही बेन, ड्युटी." दुसऱ्या दिवशी सांगितलं, तुम्ही दारात असलात तर मला तो माणूसच आठवतो. त्या दिवसापासून बाबा पलीकडच्या फुटपाथवर उभे राहतात, त्यांना दिसणार नाहीत असे. संध्याकाळी शटर ओढायला येतात. मी जितेशला म्हटलं, हे कधीपर्यंत? तो म्हणाला, विचारायची हिंमत आहे तुझी?

कालपासून हंसाबेनने त्यांना आत बोलावलंय. एक स्टूल दिलं. कागदात बांधून गाठिया पाठवले होते घरी. मी ते खाल्ले आणि काय वाटलं ते मला नीट लिहिता येत नाही.

रसिकाला मात्र बाबा अजून घेत नाहीत. पाळण्याशी उभे राहतात, हात मागे बांधून.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज हे लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

रसिकाची लस होती. दवाखाना पूनम सागरलाच. लस टोचली, रडली, दूध पिऊन गाडीत मागच्या सीटवर गाढ झोपली. तेवढ्यात आठवलं, फाइल आत राहिली. "तू बस, मी आणते," म्हणून मी गेले. जितेश होता.

परत आले. गाडी होती. जितेश नव्हता. मागचं दार लोटलेलं. सीटवर तिचं दुपटं होतं, पिवळं, आणि मधोमध खळगा. ती नव्हती.

मी सीटला हात लावला. सीट अजून कोमट होती. मग सीटखाली बघितलं. डिकी उघडली, देव जाणे का. रिकामी. त्या सकाळी बाबांनी हेच बघितलं होतं, हीच रिकामी जागा. मला वाटायचं मी त्यांचं दुःख समजले. अजिबात समजले नव्हते. सगळा रस्ता, सगळी माणसं, बिल्डिंगी माझ्याभोवती उंच होत गेल्या आणि यातलं कुणीही, कुणीही...

जितेश समोरच्या मेडिकलमधून थेंबांची बाटली घेऊन आला. "काय झालं? दोनच मिनिटं गेलो होतो. झोपली होती ना ती..." आणि सीट बघितली. बाटली हातातून पडली.

"इकडे," असा आवाज आला.

रस्त्यापलीकडे हंसाबेनच्या दुकानाच्या पायरीवर बाबा उभे होते. दोन्ही हातांत रसिका. हंसाबेन प्लास्टरमधून निघालेल्या बोटांनी तिच्या टोपीची नाडी नीट करत होत्या. बाबांनी दुकानातून गाडी बघितली होती, जितेशला उतरून जाताना बघितलं होतं, आणि ते धावले होते. हंसाबेन म्हणाल्या, इस उमर में ऐसा भागते मैंने किसीको नहीं देखा.

पहिल्यांदा घेतलं होतं त्यांनी तिला. मी बघतच राहिले. केवढे मोठे हात, आणि त्यांत ती काडीएवढी, जागी, टुकूटुकू त्यांच्याकडे बघणारी. बाबांची पकड हलत नव्हती.

आम्ही दोघे रस्ता ओलांडून गेलो. आता ऐकावं लागणार, म्हणून जितेशने मान खाली घातली. बाबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "गाडीत काही ठेवून जायचं नाही."

मी हात पुढे केले. बाबांनी नाही म्हणून मान हलवली आणि जितेशकडे वळले. आधी रसिकाचं तोंड त्याला दाखवलं, नीट, उजेडात. मग तिला पुढे केलं. जितेशने तिच्याखाली हात घातले. बाबांनी सोडली नाही.

"म्हण."

जितेशच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, दुकानातली गिऱ्हाईकं बघायला लागली. बाबा तसेच उभे. चौघांचे श्वास आणि मध्ये ती.

"घेतली," जितेश म्हणाला.

"ऐकू नाही आलं."

"घेतली, बाबा. घेतली."

मग बाबांनी एकेक बोट सोडवलं.